एकाच ताग्यातले दोन सदरे

आमच्या लहानपणी दिवाळीला कापडाचा एक अख्खा तागा घरी यायचा. त्यातून भावांचे सदरे, आम्हा बहिणींचे झगे आणि उरलंसुरलं तर उशांचे अभ्रे. दिवाळीच्या फोटोत माणूस कुठे संपतो आणि उशी कुठे सुरू होते ते कळायचं नाही. आमचे शिंपीकाका मात्र मोठे खट. एका भावाच्या सदऱ्याला एक खिसा लावायचे आणि दुसऱ्याच्याला दोन. मग त्या जास्तीच्या खिशावरून पुढच्या दिवाळीपर्यंत मारामाऱ्या.

ते खिसे मला इतक्या वर्षांनी आठवले ते अमेरिकेत, मोटारी बघताना! आता तुम्ही म्हणाल, बाई, जन्मभर मराठीचं व्याकरण शिकवलंत, तुमचा आणि मोटारींचा काय संबंध? खरंय. मला गाडी चालवता येत नाही. गाडी लाल आहे की पांढरी, एवढंच माझं ज्ञान. पण योग असतो एकेकाचा.

थोरला मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ रॉयल ओक नावाच्या गावात राहतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २०२४ चा उन्हाळा मी तिथेच काढला. शेजारी एक आजोबा राहतात. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे, पॉन्टिॲक गावातल्या इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे १९६७ सालची पॉन्टिॲक फायरबर्ड आहे. रोज सकाळी गॅरेजचं दार उघडून ते तिला असं पुसत असतात, जसं आमच्या आजी देव पुसायच्या. आणि दर ऑगस्टला त्यांचे धाकटे बंधू ओहायोतून येतात ते आपली १९६७ सालची शेव्हरोले कॅमेरो घेऊन. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की आठवडाभर दोघांचं भांडण. मी मनातल्या मनात त्यांची नावंच ठेवली, फायरबर्डवाले आणि कॅमेरोवाले.

पहिल्या दिवशी मी आपली सरळपणे विचारून बसले की एकसारख्या दोन गाड्या का घेतल्यात? (माझं इंग्रजी तर्खडकरांच्या पुस्तकातलं, पण प्रश्न पोचला.) झालं! कराडच्या बाजारात एखाद्या गुळाच्या व्यापाऱ्याला "हा गूळ कालच्याच ढेपेतला का हो?" विचारावं तसं झालं. दोघंही एकदम बोलू लागले. सूनबाई मध्ये उभी राहून जमेल तसं मराठीत सांगत होती. पुढचे चार दिवस मी त्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि जे शिकले ते असं.

जनरल मोटर्स म्हणजे एक मोठं एकत्र कुटुंब. शेव्हरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल, ब्यूक, कॅडिलॅक ही सगळी त्या घरातली भावंडं. चुली वेगळ्या, पण कोठीच्या किल्ल्या एकाच कमरेला. समोरच्या आळीत फोर्ड. १७ एप्रिल १९६४ ला फोर्डने मस्टँग आणली आणि तरुण पोरं वेडी झाली. लांब नाक, आखूड शेपूट, आणि किंमत पगारदाराला झेपेल अशी. मग जनरल मोटर्सच्या घरात धावपळ. शेव्हरोलेने कॅमेरो काढली, २९ सप्टेंबर १९६६ ला ती दुकानात लागली.

पॉन्टिॲकला खरं तर स्वतःची वेगळी, दोनच माणसं बसतील अशी गाडी हवी होती. वडीलधाऱ्यांनी नाही म्हटलं. तशी एक गाडी शेव्हरोलेकडे आधीच होती, कॉर्व्हेट. मग तुला कशाला आणखी? हा घे, दादाचा सदरा. खिसा तुझा तू लाव. आणि खिसा लावायला वेळ तरी किती? २३ फेब्रुवारी १९६७ ला फायरबर्ड दुकानात. दादाच्या मागून पाच महिन्यांनी.

त्या पाच महिन्यांत पॉन्टिॲकवाल्यांनी काय काय केलं ते फायरबर्डवाले बोट लावून लावून दाखवतात. पत्र्याचा बहुतेक सांगाडा कॅमेरोचाच. पण पुढे नाकाशी मधोमध दुभागलेली चकचकीत जाळी. मागचे दिवे बारीक फटींसारखे, डोळे किलकिले करून बघावं तसे. कॅमेरोचे मागचे दिवे सरळसोट चौकोनी, पाकिटावरच्या तिकिटासारखे. आणि बॉनेट उघडलं की खरी गंमत. कॅमेरोच्या पोटात शेव्हरोलेचं नारिंगी रंगाचं इंजिन, फायरबर्डच्या पोटात पॉन्टिॲकचं फिकट निळं. "बाहेरून भाऊ, आतून वेगळी माणसं," असं ते म्हणाले (म्हणजे सूनबाईंनी तसं मराठी केलं).

कॅमेरोवाल्यांचा मुद्दा एकच, पण घणासारखा. साध्यातली साधी कॅमेरो तेव्हा २,४६६ डॉलरला होती आणि फायरबर्ड २,६६६ ला. म्हणजे दोनशे डॉलर कशाचे? खिशाचे! आणि लोकांनी निकाल दिलाच की. पहिल्या वर्षी कॅमेरो २,२०,९०६ आणि फायरबर्ड ८२,५६०. हे आकडे ते असे म्हणतात, जसे आमच्याकडे लोक पावणेदोनचा पाढा म्हणायचे. यावर फायरबर्डवाले शांतपणे विचारतात, "पाच महिने उशिरा परीक्षेला बसवलंत, मग गुण कसे सारखे पडतील?"

मास्तरीण म्हणून मला हा मुद्दा पटला. पण मी बोलले नाही.

एक मात्र मी चुकीचं बोलले. सगळ्याच गाड्यांना 'मसल कार' म्हटलं. त्यावर दोन्ही भावांचं प्रथमच एकमत झालं. या दोन गाड्या म्हणजे 'पोनी कार', तट्टू. मस्टँगवरून पडलेलं नाव. खरी मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्यासुध्या गाडीत राक्षसी इंजिन कोंबलेली. आणि तीही सुरू केली कुणी? पॉन्टिॲकने! घरचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकमधल्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी १९६४ सालासाठी टेम्पेस्ट नावाच्या गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन घातलं आणि कागदावर लिहिलं काय, तर 'ग्राहकाने मागितल्यास मिळेल अशी जास्तीची वस्तू'. तिचं नाव जीटीओ. नियम गाडीला होता, जास्तीच्या वस्तूला नव्हता! पहिल्या वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या, मग कोण ओरडणार? लगेच ओल्ड्समोबिल, ब्यूक, शेव्हरोले सगळ्या भावंडांनी तेच केलं. वर्गात एकाने खिडकीतून उडी मारली आणि मार बसला नाही की मागून रांग लागते, तसं. पुढे लोक तट्टांनाही सर्रास मसल कारच म्हणू लागले, पण या गॅरेजमध्ये तसं म्हणायचं नाही.

असो. तर चौथ्या दिवशी कॅमेरोवाले मला म्हणाले, "तुम्ही शिक्षिका. तुम्हीच गुण द्या."

अहो, छत्तीस वर्षं पेपर तपासलेली बाई मी. माझ्या हातात कुणी लाल पेन दिलं तर मी नाही म्हणेन का? नातवाच्या वहीचा कागद घेतला, रकाने आखले. चेहरा, पाठ, इंजिन, आवाज, बैठक, किंमत. प्रत्येकी दहा गुण. चेहऱ्याला फायरबर्डला आठ, कॅमेरोला सात. किंमतीत कॅमेरोला नऊ. आवाजासाठी दोन्ही गाड्या सुरू करायला लावल्या. समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं असं नंतर कळलं. बैठकीत दोघींनाही पाचच दिले, कारण मागच्या बाकावर गुडघे हनुवटीला लागतात. बेरीज आली फायरबर्ड ४३, कॅमेरो ४२. कॅमेरोवाल्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. तोंडी.

मग आला तो शनिवार, १७ ऑगस्ट. वूडवर्ड ॲव्हेन्यू हा तिथला मोठा रस्ता, डेट्रॉइटपासून थेट पॉन्टिॲक गावापर्यंत जाणारा. साठच्या दशकात तिथली पोरं रात्री या रस्त्यावर गाड्यांच्या शर्यती लावायची. आता ती पोरं आजोबा झाली. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ते आपापल्या जुन्या गाड्या घेऊन याच रस्त्यावर येतात आणि मुंगीच्या पावलाने पुढे सरकतात. २०२० मध्ये करोनामुळे तेवढी खंडली. पंढरीच्या वाटेवर कसं, कडेला बसलेले लोक पाणी देतात, ओळख नसताना हाका मारतात, तसंच. फक्त टाळांच्या जागी इंजिनं.

आम्ही कडेला खुर्च्या टाकल्या. आता मला जोड्या शोधायचा नादच लागला होता. ही मस्टँग, आणि ही तिची श्रीमंताघरी दिलेली बहीण, मर्क्युरी कूगर. १९६७ ची, दोन चाकांमधली लांबी तीन इंच जास्त, पुढचे दिवे जाळीच्या मागे लपवलेले, घुंघटात. आणि वळताना मागचे दिवे एकदम नाही लागत, एकापाठोपाठ एक लागतात, लग्नातल्या माळेसारखे.

क्रायस्लरच्या घरातली जोडी मला सगळ्यात आवडली. प्लिमथ बॅराकुडा आणि डॉज चॅलेंजर, दोन्ही १९७० च्या. खालची बैठक एकाच जातीची, पण चॅलेंजरची दोन चाकांमधली लांबी दोन इंच जास्त, त्यामुळे बाहेरचा एकही पत्रा एकीचा दुसरीला बसत नाही. म्हणजे भाऊ असून उसना सदराही चालायचा नाही! आणि रंगांची गंमत तर ऐका. तोच जांभळा रंग, तोच डबा. डॉजवर लावला की त्याचं नाव 'प्लम क्रेझी', प्लिमथवर लावला की 'इन-व्हायोलेट'. तोच पिवळा डॉजकडे 'टॉप बनाना', प्लिमथकडे 'लेमन ट्विस्ट'. एकाच्या घरी केळं, दुसऱ्याच्या घरी लिंबू. सासरी गेल्यावर नाव बदलायची पद्धत आपल्याकडेच आहे असं मी समजत होते.

आणि तेवढ्यात मागून 'बीप बीप' असा आवाज! मी दचकून वळले तर प्लिमथ रोडरनर. कार्टूनमधला तो पळणारा पक्षी असतो ना, नातू लहान असताना बघायचा, त्याचं नाव आणि चित्र गाडीवर लावायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर मोजले होते. हॉर्नसुद्धा त्याच्यासारखा. १९६८ ची गाडी, आत चैन काही नाही, सगळा पैसा इंजिनात, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. पंचेचाळीस हजारांच्या आसपास खपली. ते बघून काही महिन्यांत डॉजने आपली बहीण काढली, सुपर बी. हिच्यावर मधमाशी. किंमत तीन हजारांच्या थोडी वर, आणि पहिल्या वर्षी खप आठ हजारांच्या आत. पुन्हा तेच. मागून आलेलं भावंडं.

मी हे कॅमेरोवाल्यांना बोलून दाखवलं. ते नेहमीसारखे हसले नाहीत. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. प्लिमथ २००१ मध्ये संपली. ओल्ड्समोबिल २००४. पॉन्टिॲक २०१०. मर्क्युरी २०११. घर अडचणीत आलं की प्रत्येक वेळी याच जोडीतल्या एकाला जावं लागलं. २००९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने पॉन्टिॲक बंद करणार असं जाहीर केलं. आणि सात वर्षं बंद असलेली कॅमेरो नव्याने कारखान्यातून बाहेर पडायला लागली तीही त्याच वर्षी. त्या ऑगस्टला कॅमेरोवाले रॉयल ओकला आले ते बसने. गाडी आणलीच नाही. दिवसभर भावाच्या फायरबर्डमध्ये शेजारच्या सीटवर बसून वूडवर्डवर फिरले. "काही बोलला नाही," फायरबर्डवाले म्हणाले, "खिडकीतून हात तेवढा बाहेर काढून बसला होता." नवी कॅमेरोसुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा यांनी त्याला फोन केला, आणि दोघं अर्धा तास हवापाण्यावर बोलले.

आता माझ्या घरची गोष्ट. नातेवाइकांना ती माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मला दोन मुलगे. थोरला बोर्डात आलेला. धाकट्याला दहावीला बावन्न टक्के. तो माझ्याच शाळेत, आणि आठवीला माझ्याच वर्गात होता. शुद्धलेखनाच्या वह्या वाटताना एकदा मी अख्ख्या वर्गासमोर त्याला म्हटलं होतं, "याच बाकावर तुझा दादा बसायचा. बाकाला तरी लाज वाटेल." वर्ग हसला. मीही हसले असेन. त्याने पुढे कराडला गॅरेज टाकलं तेव्हा कुणी विचारलं की मी "धाकटा व्यवसायात आहे" असं सांगायची आणि विषय बदलायची. कसला व्यवसाय ते सांगायची नाही.

त्या शनिवारी तिकडे सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात. धाकट्याला व्हिडिओवर फोन लावला, म्हटलं त्याला गाड्या दाखवू. तो गॅरेज बंद करत होता, हात काळेच. मी फोन फायरबर्डच्या मागे धरला, नाव सांगायच्या आत तो म्हणाला, "अगं, सदुसष्टची फायरबर्ड!"

"कशावरून रे?"

"मागचे दिवे बघ ना."

माझी चार दिवसांची शिकवणी याला आधीच येत होती. म्हणाला, "आपल्याकडे नाही का बलेनो आणि ग्लान्झा? एक मारुतीची, एक टोयोटाची. गिऱ्हाइकं विचारतात दोन्हीत चांगली कुठली. मी म्हणतो, तुमच्या घराजवळ ज्याचं दुकान असेल ती."

मी मोठ्या हौसेने त्याला माझा गुणांचा कागद दाखवला. त्रेचाळीस आणि बेचाळीस. तो हसला आणि म्हणाला, "परत दोघांच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्यास?"

मला काही सुचेना. थोरला माझ्या मागेच उभा होता, तोही गप्प.

मग धाकट्यानेच विषय काढला. "आई, त्यांना विचार, कार्ब्युरेटरवरचा तो तुकडा अजून तसाच आहे का?" फायरबर्डवाल्यांना थोरल्याने इंग्रजीत सांगितलं, तसे ते म्हातारे गृहस्थ टुणकन उठले, बॉनेट उघडलं आणि बोट ठेवलं. काय होतं माहीत आहे? जनरल मोटर्सचा आणखी एक नियम होता. कॉर्व्हेट सोडून कुठल्याही गाडीला दर दहा पौंड वजनामागे एका अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकद द्यायची नाही. फायरबर्डमधलं मोठं, ४०० घन इंचांचं इंजिन जीटीओमधल्याच जातीचं. तिथे ते मोकळं होतं, इथे हलक्या गाडीत नियम मोडला असता. मग पॉन्टिॲकने कार्ब्युरेटरच्या दांडीला पत्र्याचा एवढासा अडसर ठेवला. पाय कितीही दाबा, दार पूर्ण उघडायचंच नाही. कागदावर ३२५ अश्वशक्ती. इंजिनात दम होता, वर अडसर होता.

"वाकवलाय का?" धाकट्याने विचारलं.

वाकवलेला होता. गाडी घेतली त्याच आठवड्यात, म्हणाले. पकडीने. त्यावर धाकटा इकडे कराडात आणि म्हातारेबुवा तिकडे, दोघंही एकमेकांची भाषा न कळता इतके हसले की कॅमेरोवाले बघायला आले.

थोरला हळूच म्हणाला, "बाबांच्या बजाजचा कार्ब्युरेटर याने सातवीत उघडला होता. किती मार खाल्ला! मला कधी हात लावायची हिंमत झाली नाही." मग थोडं थांबून, "मला बघायचं होतं आत काय असतं ते."

फोन ठेवण्याआधी मी म्हटलं, "अरे, ते आठवीत मी तुला वर्गात बोलले होते बघ, त्या बाकावरून..."

"कुठला बाक?" तो म्हणाला. पाठमोरा होऊन शटर ओढत होता, त्याचा खडखडाट आला.

"तो रे, तिसरा. खिडकीजवळचा."

शटर अर्ध्यावर थांबलं.

"दुसरा," तो म्हणाला.